पट्टा की वायर?

मंडळी, ठाण्यात राहायचं तर 16 एप्रिल 1853 ही तारीख पाठ असावी लागते. बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या सुमाराला सुटलेली गाडी, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी आणि 34 किलोमीटरचा प्रवास. शाळेत हे सगळं आपण घोकलेलं असतं. पण त्या इंजिनांबद्दलचा एक साधा प्रश्न शाळेत कुणी विचारत नाही. चालू इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाणी घालत कोण होतं?

प्रश्न दिसतो तितका बावळट नाही. बॉयलरच्या आत वाफेचा जबरदस्त दाब असतो. झाकण उघडून वरून बादली ओतायची सोय नाही. पाणी आत ढकलायचं तर आतल्या दाबापेक्षा जास्त जोर लावायला हवा, म्हणजे पंप हवा. त्या काळच्या इंजिनांत हा पंप इंजिनाच्या हलत्या भागांनाच जोडलेला असे: चाकांच्या आसाला किंवा पिस्टनच्या सरकत्या दांड्याला. चाक फिरलं की पंप चालला. हिशोब छान आहे, गाडी जितकी पळेल तितकं पाणी खर्च होणार आणि तितकंच आत जाणार.

घोळ होतो तो गाडी थांबल्यावर. इंजिन स्टेशनात उभं आहे, खाली कोळसा पेटलेलाच आहे, पाण्याची वाफ होतेच आहे, पण चाक फिरत नाही म्हणून पंप बंद. पातळी फार उतरली तर बॉयलर फुटायची भीती. मग ड्रायव्हर काय करायचा? इंजिन डब्यांपासून सोडवून रुळावर उगाचच थोडं पुढे, थोडं मागे फिरवायचा. कशासाठी, तर पोटात चार घोट पाणी जावं म्हणून! यावरचा इलाज 1858 साली आंरी जिफार नावाच्या फ्रेंच इंजिनियरने काढला. त्याचा इंजेक्टर वाफेच्याच झोताने पाणी ओढून आत ढकलत असे, त्यात एकही फिरता भाग नव्हता आणि गाडी उभी असली तरी तो चालत असे. ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा हा शोध लागायला पाच वर्षं बाकी होती.

आता मी हे सगळं का सांगतोय? कारण मोटारीच्या वॉटर पंपाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे हीच गोष्ट पुन्हा एकदा, फक्त छोट्या आकारात. आमच्या धंद्यात याला टाईट कपलिंग म्हणतात. एका मोड्यूलचं काम दुसऱ्याच्या वेगाला बांधून टाकलं की सुरुवातीला सगळं सोपं वाटतं, आणि मग एक दिवस प्रोडक्शनमध्ये अशी परिस्थिती येते की पहिलं थांबलंय आणि दुसऱ्याची गरज मात्र संपलेली नाही.

मोटारीत पाणी वाफ करायला लागत नाही, उलट इंजिनाची उष्णता बाहेर काढायला लागतं. पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून उडून जातो आणि उरलेला या पाण्याच्या बोडक्यावर. सुरुवातीच्या मोटारींत नुसतं भांडं भरून पाणी ठेवत, ते उकळून उडून जाई, पुन्हा भरायचं. 1901 सालच्या मर्सिडीज 35 एचपी गाडीसाठी विल्हेल्म मायबाखने मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या आणि सगळं मिळून नऊ लिटर पाण्यात भागत होतं. आज आपण बोनेट उघडल्यावर जे बघतो त्याचं हे खापरपणजोबा.

पाणी फिरवायला मात्र पंप लागतोच असं नाही. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, थंड पाणी खाली येतं, झालं अभिसरण. याला थर्मोसायफन म्हणतात. फोर्डची जगप्रसिद्ध मॉडेल टी 1908 साली आली तेव्हा पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता. मग फोर्डने तो काढून टाकला आणि नंतरच्या लाखो गाड्या नुसत्या थर्मोसायफनवर धावल्या. मला यातली गंमत फार आवडते. थर्मोसायफनमध्ये इंजिन जास्त तापलं की पाणी आपोआप जास्त वेगाने फिरतं. म्हणजे गरजेप्रमाणे काम करणारा पहिला 'पंप' हा मुळात पंपच नव्हता. पण त्याचा जोर फारच कमी. इंजिनं ताकदवान झाली, बोनेटं बुटकी झाली (रेडिएटर उंच असल्याशिवाय थर्मोसायफन चालत नाही) आणि पट्ट्यावर फिरणारा पंप सगळीकडे आला. हा जोरकस, स्वस्त आणि बिनडोक. इंजिन फिरेल तसा फिरणार, पाण्याची गरज किती हे त्याच्या गावीही नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, 1950 च्या दशकात फियाटशी करार झाला, 1964 मध्ये फियाट 1100 डिलाईट आली आणि तीच गाडी 1970 च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. 30 ऑक्टोबर 2023 नंतर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली, कारण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. लोकांनी तेव्हा डिकीवरच्या कॅरियरपासून मीटरच्या दांड्यापर्यंत सगळ्याच्या आठवणी काढल्या. मी इथे पट्ट्याची आठवण काढतो.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीस एचपीच्या आसपास. त्याच्या तोंडाशी एक व्ही आकाराचा रबरी पट्टा. हा एकच पट्टा डायनामो फिरवतो आणि वॉटर पंपही फिरवतो, आणि पंपाच्याच पुलीवर पुढे पंखा बसवलेला. म्हणजे वीज, पाणी आणि हवा, तिन्ही खाती एकाच मंत्र्याकडे. ऐकायला भयंकर वाटतं. पट्टा तुटला की तिन्ही बंद. पण यात एक अशी सोय दडलेली आहे की जी आजच्या गाड्यांत हजारो रुपयांचे सेन्सर लावून करावी लागते. पट्टा तुटला की डायनामो बंद पडतो आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतो. जुन्या ड्रायव्हरला त्या दिव्याचा अर्थ 'बॅटरी चार्ज होत नाहीये' एवढाच नसायचा. पाणी फिरायचं थांबलंय, गाडी बाजूला घे, असा असायचा. अजून काहीही तापलेलं नसताना मिळालेली ही सूचना. पंपाचं सील गेलं तर त्याच्या पोटाखालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकायला लागतं आणि सकाळी गाडीखाली डाग दिसतो. बेअरिंग गेलं तर ते आधी महिनाभर किरकिरतं. बिचारा सांगून सवरून मरतो.

पण बिनडोकपणाची किंमत असतेच. पंपांचा नियम असा: वेग दुप्पट केला तर पाणी दुप्पट वाहतं, पण त्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन 800 आरपीएमवर आणि हायवेला 4,000 वर धरा. पाणी पाचपट, ताकद एकशेपंचवीसपट. म्हणजे हायवेला, जिथे समोरून फुकटची हवा येत असते, तिथे पंप गरज नसताना पेट्रोल खात फिरतो. आणि शीळफाट्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुम्ही कंटेनरच्या मागे अर्धा तास उभे असता, तेव्हा तो झोपाळल्यासारखा चालतो.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग लावा की इलेक्ट्रिक पंप आणि व्हा मोकळे. जरा थांबा. आधी एक ढोबळ हिशोब करू. पद्मिनी पूर्ण ताकदीने चालली तर चाळीस एचपी म्हणजे 30 किलोवॅट, आणि साधारण तितकीच उष्णता पाण्यात जाणार. एक लिटर पाणी एक अंश तापवायला 4.2 किलोज्यूल लागतात. रेडिएटरमधून जाताना पाणी आठ अंशांनी थंड होतं असं समजलं, तर सेकंदाला सुमारे 0.9 लिटर, म्हणजे मिनिटाला 53-54 लिटर पाणी फिरायला हवं. आता गाडी उभी असताना बघा. इंजिन जेमतेम स्वतःला फिरवतंय, उष्णता फार तर चार किलोवॅट. मिनिटाला सातेक लिटर पाणी पुरे. पंप पाचपट हळू झाला तरी दहा-बारा लिटर ढकलतोच आहे! म्हणजे उभ्या गाडीत पाणी कमी पडत नाही, कमी पडते ती हवा. पंखाही त्याच पट्ट्यावर मंदपणे फिरतोय आणि समोरून वारा शून्य.

हा हिशोब कळला की इतिहासाचा क्रम लगेच उलगडतो. विजेवर आधी गेला तो पंखा, पंप त्यानंतर कितीतरी वर्षांनी. 14 डिसेंबर 1983 ला मारुती 800 लोकांच्या हातात पडली, तिचं इंजिन आडवं बसवलेलं होतं. आडव्या इंजिनाचा दांडा बाजूच्या चाकाकडे तोंड करून असतो आणि रेडिएटर तर पुढे, मग पट्ट्यावर पंखा लावणार कसा? त्यामुळे पंख्याला वेगळी मोटर आली. पाणी ठराविक तापमानाच्या वर गेलं की स्विच लागतो आणि पंखा सुरू, इंजिनाचा वेग काहीही असो. एका जागेच्या अडचणीतून अर्धं कपलिंग सुटलं. पंप मात्र मारुतीतही पट्ट्यावरच राहिला, आणि वर काढलेला हिशोब बघता राहिला ते बरोबरच होतं.

पद्मिनीत विजेचा पंप का नव्हता याचं दुसरं कारण तर त्याहून सोपं आहे. वीजच नव्हती. जुन्या पद्मिनीचा डायनामो बाराव्या व्होल्टला सोळा अँपिअरच्या आसपासचा, म्हणजे सगळं मिळून दोनशे-सव्वादोनशे वॅट, तेही इंजिन जोरात फिरत असताना. गाडी उभी राहिली की डायनामो जवळपास काहीच देत नाही. यात हेडलाईट, वायपर, हॉर्न (मुंबईत हॉर्नचा लोड वेगळा धरावा लागतो!) आणि वर विजेचा पंप म्हणजे चाळीतल्या मीटरवर एसी लावण्यासारखं. 1960 मध्ये क्रायसलरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि कमी वेगातही भरवशाची वीज मिळायला लागली. त्यानंतर ब्रश नसलेल्या मोटरी स्वस्त व्हाव्या लागल्या, इंजिनाला कॉम्प्युटर यावा लागला, तेव्हा कुठे पंपाचा नंबर लागला.

मधल्या काळात एक विचित्र वळण आहे आणि ते थेट आपल्या डोंबिवलीतून जातं. 1994 मध्ये प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर भागीदारी केली आणि कल्याणजवळच्या कारखान्यातून प्यूजो 309 बाहेर पडायला लागली. युरोपात ती 1985 ची गाडी, तरी इथे नवलाईची. माझ्या आधीच्या पिढीच्या डोंबिवलीकरांना कल्याण-शीळ रस्त्यावरची ती नोकरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कामगारांचा संप, कंपनीतले वाद, आणि 1997 च्या आसपास सगळं आटोपलं, प्यूजो परत गेली. तीन वर्षांचा खेळ. बाकी इतिहास लिहिण्याजोगा आहे, पण तो कुणीतरी तिथे काम केलेल्या माणसाने लिहावा.

मला त्या गाडीतलं इंजिन रंजक वाटतं. प्यूजोच्या टीयू मालिकेतल्या या इंजिनांचा वॉटर पंप बाहेरच्या पट्ट्यावर नसून टायमिंग बेल्टवर आहे. टायमिंग बेल्ट म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ सांभाळणारा दातेरी पट्टा. इंजिनियरांचा विचार बरोबर होता: हा पट्टा घसरत नाही, सैल पडत नाही, झाकणाच्या आत सुरक्षित असतो, मग पंप त्यावरच टाकू. एक पट्टा वाचला. पण यात काय झालं बघा. पंपाचं बेअरिंग जाम झालं तर तो टायमिंग बेल्टलाच घेऊन जाणार, आणि टायमिंग बेल्ट गेला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार. काही शे रुपयांच्या बेअरिंगपायी अख्खं इंजिन खोलायची पाळी. पद्मिनीत पंप मेला तर लाल दिवा लागत होता, इथे पंप मेला तर इंजिनाचा बोऱ्या. शिवाय पंप झाकणाच्या आत असल्यामुळे किरकिर ऐकू येत नाही आणि ठिबकणं दिसत नाही. म्हणून या जातीच्या इंजिनांवर काम करणारा कुठलाही शहाणा मिस्त्री टायमिंग बेल्ट बदलायला उघडला की पंपही सोबत बदलतो. तो धंदा करत नसतो, तुमचे पैसे वाचवत असतो.

याच घराण्यातलं 1527 सीसीचं डिझेल इंजिन पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये आलं, आणि 2009 मध्ये प्रीमियरने पुण्याहून रिओ काढली तेव्हा तिच्यातही. म्हणजे कारखाना गेला, भागीदारी मोडली, पण टायमिंग बेल्टवरचा पंप पुढची पंधरा वर्षं आपल्या रस्त्यांवर फिरत होता.

मग 2004-05 च्या सुमाराला बीएमडब्ल्यूने एन-52 हे सहा सिलिंडरचं इंजिन आणलं. पट्ट्यावरचा पंप काढून त्या जागी विजेचा. पंपाची मोटर 200 वॅटच्या आसपास, जिथे पट्ट्यावरचा पंप वरच्या वेगात किलोवॅट-दोन किलोवॅट खाऊ शकतो. खरं तर विजेच्या पंपाचा मार्ग वाकडा आहे: इंजिन अल्टरनेटर फिरवणार, अल्टरनेटर वीज बनवणार, विजेवर मोटर, मोटरवर पंप. प्रत्येक टप्प्यावर गळती. तेवढंच पाणी तेवढ्याच वेगाने फिरवायचं असेल तर पट्टाच स्वस्त पडतो. पण विजेचा पंप जिंकतो, कारण बहुतेक वेळ तो तेवढं पाणी फिरवतच नाही. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की तो जवळपास गप्प बसतो, इंजिन लवकर तापतं, पेट्रोल वाचतं. आणि हायवेवरून येऊन तुम्ही गाडी बंद केलीत तरी तो पुढे थोडा वेळ पाणी फिरवत राहतो.

टोयोटाने 2009 च्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये कमाल केली: इंजिनावर बाहेरून एकही पट्टा नाही. एसी विजेवर, स्टिअरिंग विजेवर, पंप विजेवर. (ही प्रियस 2010 मध्ये भारतातही आली होती, किंमत ऐकून लोक परत गेले.) हायब्रिडमध्ये हे करणं भागच होतं. सिग्नलला इंजिन आपणहून बंद होतं, पण उष्णता थोडीच बंद होते? इंजिन उभं, पाण्याची गरज चालू. 1853 च्या ड्रायव्हरची अडचण शब्दशः तीच, फरक इतकाच की टोयोटाच्या माणसाला गाडी पुढे-मागे करावी लागली नाही :-)

दोष नाहीत असं मुळीच नाही. विजेच्या पंपाच्या पहिल्या पिढीच्या मालकांना विचारा. मोटर आणि तिचं सर्किट इंजिनाच्या उष्णतेत बसलेलं असतं, आणि ते गेलं तर बऱ्याचदा आधी काही न सांगता जातं. किरकिर नाही, ठिबक नाही, थेट स्क्रीनवर इशारा आणि गाडी कडेला. रिपेअर होत नाही, अख्खा पंप बदलायचा. आपल्याकडे पट्ट्यावरच्या पंपाचं सील आणि बेअरिंग बदलून देणारा माणूस प्रत्येक नाक्यावर मिळतो, विजेच्या पंपाला तो फक्त 'नवीन घ्या' म्हणतो.

हा सगळा अभ्यास उपटण्याचं खरं कारण आता सांगतो. डोंबिवलीला माझ्या मामांकडे 1984 ची पद्मिनी आहे, अजून चालती. तिच्या पंपाचं सील गेलं. चाळीस वर्षांची वस्तू, तक्रार करायला जागा नाही. पण घरात दोन तट पडले. मामेभाऊ म्हणाला, मेकॅनिकल पंप काढूनच टाकू, ऑस्ट्रेलियाच्या डेव्हीस क्रेगचा विजेचा पंप मिळतो, मिनिटाला 80 लिटर, सोबत कंट्रोलर, वर मस्त दिसतो. मामांचं म्हणणं, "अरे, कंपनीने बसवलाय तो काय वेडेपणा म्हणून?" आणि मग दोघंही माझ्याकडे वळले. मेकॅनिकलची डिग्री घेऊन कोड लिहिणाऱ्या माणसाला घरचे अशाच वेळी इंजिनियर म्हणतात, एरवी मी 'कॉम्प्युटरमध्ये' असतो.

मामांना त्यांच्या गाडीने नाशिकला जायचंय, कसारा चढून. म्हणून मी आधी घाटाचा विचार केला. घाटात चढताना समोरून वारा कमी आणि भार पूर्ण, त्यामुळे गाडी तापते हे सगळ्यांना माहीत असतं. पण पट्ट्यावरच्या पंपाची इथे एक जमेची बाजू आहे. तुम्ही दुसरा गिअर टाकलात की इंजिन जोरात फिरतं, आणि इंजिनाबरोबर पंप आणि पंखाही. तापतात त्या गाड्या, ज्यांचा ड्रायव्हर पेट्रोल वाचवायच्या नादात तिसऱ्यात गाडी रडवत नेतो: भार तोच, पण पंप आणि पंखा दोन्ही मंद. जुने ट्रकवाले 'घाटात खालचा गिअर' म्हणतात ते फक्त ओढीसाठी असं मला कॉलेजात वाटायचं, थंडपणाचा अर्धा भाग त्यातच आहे. आणि वर इगतपुरीला पोचल्यावर चहाला थांबलात तर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं, हाही त्यांचाच नियम. बंद केलं की पंप आणि पंखा दोन्ही थांबतात आणि लोखंडात साठलेली उष्णता आतल्या आत पाणी उकळवते. बीएमडब्ल्यूचा पंप गाडी बंद झाल्यावर जे करतो, तेच हे ड्रायव्हर हाताने करत होते.

दुसरा मुद्दा विजेचा. तो 80 लिटरचा पंप पूर्ण जोरात सात-आठ अँपिअर खातो. मामांच्या गाडीत अजून डायनामोच आहे. म्हणजे जवळपास निम्मी वीज एका पंपाला. रात्री हेडलाईट लावून ट्रॅफिकमध्ये अडकलात की बॅटरी उतरायला सुरुवात. मग डायनामो काढून अल्टरनेटर लावा, वायरिंग बदला, आणि तो लावला तरी तो फिरवायला पट्टा लागणारच! पट्टा काढायचा म्हणून सुरू केलेलं काम पट्ट्यापाशीच येऊन थांबतं. शिवाय पंपाच्या पुलीवरचा पंखा गेला, म्हणजे विजेचा पंखा पण घ्या. ऑफिसात याला आम्ही रिफॅक्टरिंग म्हणतो आणि मॅनेजर त्याला तीन शब्दांत उत्तर देतो.

त्यामुळे मी मामांच्या बाजूने कौल दिला, पण एका अटीवर. मेकॅनिकल पंप नवीन सील-बेअरिंगसह बसवायचा, रेडिएटर उघडून आतला गाळ साफ करून घ्यायचा, होज पाईप सगळे नवीन, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट. आणि थर्मोस्टॅट परत लावायचा. हो, तो नव्हताच. कधीतरी कुणा मिस्त्रीने 'आपल्या हवेत कशाला पाहिजे' म्हणून काढून टाकलेला. हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडीत कधी नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज जास्त होते. पट्ट्यावरच्या बिनडोक पंपाला जी काही थोडीफार अक्कल आहे ती या मेणाच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये आहे, आणि आपण नेमकी तीच काढून फेकतो.

मामेभावाचं मन राखायला रेडिएटरसमोर एक लहान विजेचा पंखा लावायचं ठरलं, स्विच हाताचा, फक्त शीळफाटा आणि काटई नाक्यासाठी. चार-पाच अँपिअर, तेही थोडा वेळ. आणि वेगळा टेंपरेचर मीटर. यात 1983 चा धडा आहे असं मी त्याला सांगितलं, तो म्हणाला, "तू ब्लॉगच लिही."

हाच प्रश्न कुणी 2024 च्या गाडीबद्दल विचारला असता तर उत्तर उलट आलं असतं. टर्बो इंजिन, सिग्नलला बंद होणारी यंत्रणा, भरपूर वीज, कॉम्प्युटर जागेवर, तिथे पट्ट्यावरचा पंप हट्टाने ठेवण्यात अर्थ नाही. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत तर प्रश्नच उरत नाही. फिरता क्रँकशाफ्टच नाही, पट्टा लावणार कशाला? पण पाणी तिथेही फिरतं, आता बॅटरी थंड ठेवायला, आणि विजेचा पंप ते फिरवतो. आमच्या सोसायटीत रात्री एक ईव्ही चार्जिंगला लावलेली असते. मालक वर झोपलेला, गाडी बंद, दारं लॉक, आणि उन्हाळ्यात बोनेटखालून बारीक घुर्र आवाज येत असतो.

मामांचा पंप गेल्या रविवारी बसला. पट्टा अंगठ्याने दाबून अर्धा इंच खाली जातो इतपत ताणलाय. नाशिकचा बेत पुढच्या महिन्यात आहे, कसाऱ्याला मीटरचा काटा कुठवर गेला ते कळवतो.